मॉड्युलर आरएफ सिग्नल जनरेटर: मांडणी आणि पहिल्यांदा चालू करणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सी) सिग्नल जनरेटर म्हणजे तपासणीसाठी हव्या त्या फ्रीक्वेन्सीचा आणि पातळीचा सिग्नल तयार करणारं यंत्र. त्याबद्दल सोलापुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमधले विद्यार्थी, लॅब असिस्टंट आणि वायरलेस सेटची दुरुस्ती करणारे कारागीर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. यातले निम्मे प्रश्न आरएफचे नाहीतच. ते वीज, अर्थिंग, धूळ आणि उन्हाळा यांचे आहेत. माझ्या मते हे महागडं यंत्र वाचवायचं असेल, तर पहिलं लक्ष तिथेच द्यायला हवं.

मॉड्युलर जनरेटर म्हणजे काय? नेहमीच्या जनरेटरपेक्षा वेगळं काय?

नेहमीच्या बेंचटॉप जनरेटरला स्वतःचा डबा, पडदा, बटणं आणि पॉवर सप्लाय असतो. मॉड्युलर जनरेटर म्हणजे एक कार्ड. ते एका चॅसीत, म्हणजे अनेक स्लॉट असलेल्या डब्यात, सरकवायचं. वीज, हवा, क्लॉक आणि कॉम्प्युटरशी बोलण्याची वाट हे सगळं चॅसी पुरवते. सर्वांत जास्त दिसणारी पद्धत पीएक्सआय. ती नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने १९९७ मध्ये आणली आणि पुढच्याच वर्षी ती सर्व उत्पादकांसाठी खुलं मानक झाली. २००५ पासून तिचं वेगवान रूप, पीएक्सआय एक्स्प्रेस, आलं.

फायदा असा की त्याच चॅसीत उद्या अ‍ॅनलायझर (सिग्नल मोजून दाखवणारं यंत्र) किंवा पॉवर मीटरचं मॉड्यूल बसवता येतं. तोटा असा की पडदा नाही, बटण नाही, त्यामुळे कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर नीट नसेल तर मॉड्यूल नुसतं बसून राहतं.

खोका आला. लगेच उघडून लावू का?

थोडं थांबा. मे महिन्यात ट्रान्सपोर्टच्या गाडीतून तापून आलेला खोका एसी लॅबमध्ये आणला, की आतलं तापमान खोलीशी जुळायला काही तास लागतात. पावसाळ्यात थंड खोलीतून दमट खोलीत यंत्र नेलं तर कनेक्टरवर बारीक दव धरतं. दोन्ही वेळी खोका बंदच ठेवा, दुसऱ्या दिवशी उघडा.

उघडल्यावर मॉड्यूल चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत असेल. पिशवी हातात घेऊन आधी चॅसीच्या रंग न दिलेल्या धातूच्या भागाला ती टेकवा, मगच मॉड्यूल बाहेर काढा. मागच्या कनेक्टरच्या पिनांना बोट लावायचं नाही, धरायचं ते पॅनल आणि कडा. एसएमए कनेक्टरवरच्या (आरएफ केबल जोडायच्या आट्यांच्या छोट्या सॉकेटवरच्या) टोप्या केबल जोडेपर्यंत काढू नका.

स्टॅटिकची भीती खरी आहे की उगाच?

खरी आहे, आणि सोलापुरात जास्तच. आपली हवा वर्षातला बराच काळ कोरडी असते. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत रात्री चादर ओढताना ठिणग्या दिसतात आणि चटचट आवाज येतो, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. माणसाला जाणवेल असा झटका काही हजार व्होल्टचा असतो. आरएफ मॉड्यूलमधला गॅलियम आर्सेनाइडचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कितीतरी खालीच जातो, आणि तो कधी गेला ते कळतही नाही. कधी मॉड्यूल चालतं, पण सिग्नलची पातळी दोन-तीन डीबीने (डेसिबल, ताकदीच्या प्रमाणाचं माप) कमी येते.

मनगटाचा पट्टा वापरा. त्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो तुमच्या सुरक्षिततेसाठी आहे. त्यामुळे पट्ट्याऐवजी साधी तार हाताला बांधण्याचा प्रकार करू नका. स्वेटर काढून ठेवा.

अर्थिंग तपासायला सांगता, पण सॉकेटला तीन पिना आहेतच की!

पिना तीन असल्या म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

चॅसीच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सचा फिल्टर असतो. त्यात फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेलं असेल तर त्यांतून येणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थ तुटलेलं असेल तर चॅसीची सगळी बॉडी मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहते. हात लावला की झिणझिण्या येतात, त्या याच. करंट अगदी कमी असल्याने माणसाला धक्का मोठा बसत नाही. पण अशा चॅसीतून निघालेली केबल तुम्ही नीट अर्थ केलेल्या अ‍ॅनलायझरला जोडायला गेलात आणि बाहेरच्या नटाआधी मधली पिन टेकली, तर तो सगळा करंट अ‍ॅनलायझरच्या इनपुटमधून जातो. मग दोष अ‍ॅनलायझरला दिला जातो.

तपासणी अशी. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास यायला हवं, आणि फेज ते अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट असेल तर चालतं. पाच-दहाच्या पुढे असेल तर वायरमनला बोलवा. मात्र डिजिटल मीटर करंट ओढतच नाही, त्यामुळे गंजून धाग्यावर आलेलं अर्थही त्याला चांगलं दिसतं. जुने वायरमन होल्डरला १०० वॅटचा बल्ब लावून फेज आणि अर्थमध्ये धरतात. बल्ब लख्ख पेटला तर अर्थ करंट पेलतं आहे असं समजतात. ही चाचणी वायरमनलाच करू द्या. बोर्डावर आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच ट्रिप होईल, घाबरू नका. पक्कं मोजमाप हवं असेल तर अर्थ टेस्टरनेच करायला हवं.

सोलापूरची आणखी एक गोष्ट. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा फेब्रुवारीनंतर कोरडा पडतो आणि त्याचा रेझिस्टन्स वाढत जातो. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालणं हे कोणाचं तरी नेमून दिलेलं काम असायला हवं. लॅबच्या भिंतीमागे पाला साचलेल्या झाकणाखाली तो खड्डा असतो आणि बऱ्याच जणांना तो कुठे आहे हेही माहीत नसतं. आधी तो शोधा.

चॅसी, कॉम्प्युटर आणि अ‍ॅनलायझर ही तिन्ही यंत्रं एकाच बोर्डावरून चालवा. एक भिंतीवरच्या सॉकेटवर आणि दुसरं दारातून आणलेल्या एक्स्टेन्शनवर, असं नको.

स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, यूपीएस: काय लावू?

बहुतेक चॅसींचा सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर आपोआप चालतो. मागच्या पट्टीवर ते छापलेलं असतं, वाचून खात्री करा. तेव्हा स्टॅबिलायझरची गरज सहसा पडत नाही. गरज असते ती लाइट गेल्यावर नीट बंद करण्याइतका वेळ देणाऱ्या ऑनलाइन यूपीएसची. घरगुती चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर लावू नका. चॅसी चालेल, पण सप्लाय तापतो आणि इन्व्हर्टरचा विद्युत गोंगाट (नॉइज) मोजमापात उतरतो.

कुठे ठेवायचं? धुळीचं काय?

चॅसी आतून हवा ओढते. हवा कुठून येते आणि कुठून जाते ते मॅन्युअलच्या चित्रात पाहा. त्या बाजूंना चार-पाच सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवीच, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. भिंतीला चिकटवून किंवा वर फायलींचा गठ्ठा ठेवून चालणार नाही.

शहराच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ जागा असेल तर साध्या धुळीइतकाच त्रास सुताच्या तंतूंचा असतो. यंत्रमागांतून उडणारे तंतू फॅनच्या जाळीवर बसतात, त्यावर धूळ बसते आणि काही आठवड्यांत जाळीवर करड्या नमद्यासारखा थर तयार होतो. तो बोटाने सोलून काढता येतो इतका घट्ट असतो. बाहेरून फॅन फिरताना दिसतो, आवाजही येतो, पण हवा आत जातच नाही. जाळी महिन्यातून एकदा काढून कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मगच बसवा. ब्लोअरने आत फुंकर मारू नका. तंतू बाहेर पडत नाहीत, मॉड्यूलच्या फटींत जाऊन बसतात.

रिकाम्या स्लॉटांवर पट्ट्या लावलेल्याच असाव्यात. पट्टी नसेल तर हवा त्या भोकातून निघून जाते आणि शेजारचं मॉड्यूल तापतं. फॅनला ‘ऑटो’ आणि ‘हाय’ असा स्विच असेल तर मार्च ते जून ‘हाय’वरच ठेवा. आपल्याकडे बाहेर ४० च्या वर पारा असताना बंद खोलीतलं तापमान मॉड्यूलच्या मर्यादेजवळ सहज जातं. आवाज जरा सहन करा.

आधी सॉफ्टवेअर की आधी मॉड्यूल?

आधी सॉफ्टवेअर. ड्रायव्हर टाका, कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, मग मॉड्यूल बसवा. उलट केलं तर विंडोज भलताच ड्रायव्हर चिकटवते आणि तो काढण्यात अर्धा दिवस जातो. ड्रायव्हर तुमच्या विंडोजच्या आवृत्तीला चालतो का, हे डाउनलोड करण्याआधीच बघून घ्या.

मॉड्यूल कोणत्या स्लॉटमध्ये? कसं बसवायचं?

सर्वांत डावीकडचा, त्रिकोणाची खूण असलेला स्लॉट कंट्रोलरचा. तिथे जनरेटर बसवायचा नाही. गोल खुणेचे स्लॉट बाकीच्या मॉड्यूलसाठी. काही जनरेटर दोन-तीन मॉड्यूलचे मिळून बनतात: एक लहर तयार करतं, दुसरं ती वरच्या फ्रीक्वेन्सीवर नेतं, तिसरं त्यासाठी लागणारी स्थिर लहर (लोकल ऑसिलेटर) पुरवतं. अशा संचात मॉड्यूलचा क्रम ठरलेला असतो, कारण पुढच्या पॅनलवर त्यांना जोडणाऱ्या कडक केबल त्याच मापाच्या वाकवून दिलेल्या असतात.

बसवताना वीज बंद हवी. समोरचं बटण बंद केलं म्हणजे पुरेसं नाही. ते स्टँडबायचं असतं आणि चॅसीला मेन्स मिळत असेल तर मागच्या बोर्डावर ५ व्होल्टचा सहायक सप्लाय जिवंतच राहतो. भिंतीवरचा खटका बंद करा, पण प्लग काढू नका. आपल्याकडचा खटका फक्त फेज तोडतो, अर्थ जोडलेलंच राहतं, त्यामुळे चॅसी अर्थला राहते आणि पट्ट्याची क्लिप तिला लावता येते. बोर्डाचं वायरिंग उलटं नाही ना, हे आधी तपासलेलं हवं. तुमचं मॅन्युअल प्लग काढायलाच सांगत असेल, तर मॅन्युअलचं ऐका.

पॅनलच्या स्क्रूंवर प्लॅस्टिकच्या छोट्या टोप्या असतात, त्या काढा. नाहीतर मॉड्यूल शेवटचे दोन मिलिमीटर आत जात नाही आणि लोक जोर लावत बसतात. खालचा हँडल खाली झुकलेला ठेवून मॉड्यूल वरच्या-खालच्या खाचेत सरळ धरा आणि सरकवा. हँडल मागच्या पट्टीला टेकला की वर उचला, मॉड्यूल स्वतःहून आत ओढलं जातं. अडलं तर बाहेर काढून पिना बघा. दोन्ही स्क्रू घट्ट करा. अर्थ आणि शील्डिंग त्यांच्यावरही अवलंबून असतं.

एसएमए केबल किती घट्ट?

पितळी कनेक्टरसाठी ०.५६ न्यूटन-मीटर, स्टीलसाठी साधारण ०.९ ते १. यासाठी ८ मिलिमीटरचा टॉर्क पाना मिळतो आणि तो घ्यावा. पक्कड वापरू नका. नट फिरवायचा, केबल किंवा तिचं अंग फिरवायचं नाही. केबल फिरवली की मधली पिन सॉकेटमध्ये घासते आणि सोन्याचा मुलामा निघतो. जोडण्याआधी भिंगातून पिन बघा: मध्यभागी आहे का, वाकडी आहे का, आत बारीक चमकणारा कण आहे का. एक वाकडी पिन लॅबमधले सगळे कनेक्टर एकामागून एक खराब करत जाते.

चालू करण्याचा क्रम कोणता?

बाहेरचा कॉम्प्युटर केबलने चॅसीला जोडला असेल तर आधी चॅसी, मग कॉम्प्युटर. कॉम्प्युटर सुरू होतानाच आपल्याला काय काय जोडलं आहे ते मोजतो. त्या क्षणी चॅसी बंद असेल तर त्याच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नसते. चॅसीतच कंट्रोलर असेल तर समोरचं एकच बटण.

भिंतीवरचा खटका लावा, मागे मुख्य स्विच असेल तर तो लावा, समोरचं बटण दाबा. फॅन जोरात फिरून मग शांत होतील. बटण दाबून काहीच झालं नाही तर मागचा इन्हिबिट मोडचा छोटा स्विच बघा. कोणीतरी तो ‘मॅन्युअल’वर नेलेला असतो आणि मग समोरचं बटण काम करत नाही.

पहिल्या वेळी आरएफ आउटपुटला काहीही जोडू नका, फक्त ५० ओहमचा टर्मिनेटर (सिग्नल शोषून घेणारी टोपी) लावा.

कॉम्प्युटरला चॅसी दिसतच नाही. मॉड्यूल गेलं का?

बहुतेक वेळा नाही. क्रम चुकलेला असतो. सगळं बंद करून पुन्हा क्रमाने सुरू करा. केबल दोन्ही टोकांना पूर्ण बसली आहे का बघा, जोडणीच्या जागी लिंकचा दिवा हिरवा हवा. कॉम्प्युटरची स्लीप आणि हायबरनेट सोय कायमची बंद करा, कारण जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटर झोपतो आणि उठल्यावर चॅसी हरवलेली असते. यानंतरही दिसत नसेल तर मॉड्यूल दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून बघा.

पॅनलवरच्या दिव्यांचा अर्थ काय?

उत्पादकानुसार बदलतो. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या जनरेटरवर दोन दिवे असतात. ‘अ‍ॅक्सेस’ हिरवा म्हणजे मॉड्यूल तयार, पिवळसर म्हणजे कॉम्प्युटर त्याच्याशी बोलतो आहे. ‘अ‍ॅक्टिव्ह’ हिरवा म्हणजे सिग्नल निघतो आहे, लाल म्हणजे गडबड. चालू केल्यानंतर मिनिटभरात ‘अ‍ॅक्सेस’ लागलाच नाही तर सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी वीज आणि बसवणी तपासा.

पहिला सिग्नल कोणता काढू?

१०० मेगाहर्ट्झ, उणे २० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डीबी), मॉड्युलेशन बंद. सॉफ्टवेअरमधल्या सेल्फ टेस्टनंतर हाच सिग्नल स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरवर बघा. अ‍ॅनलायझर नसेल तर ऑसिलोस्कोप चालेल, पण त्याचं इनपुट ५० ओहमवर असू द्या. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट, ५० ओहमवर शिखर ते शिखर ०.६३ व्होल्ट. उणे २० ला ते ०.०६३ व्होल्ट होतं. स्कोप १ मेगाओहमवर राहिला तर व्होल्टेज दुप्पट दिसतं आणि “जनरेटर ६ डीबी जास्त देतोय” अशी तक्रार येते.

पातळी थोडी कमी दिसली तर केबल आठवा. साधी आरजी ५८ केबल १ गिगाहर्ट्झला दर मीटरला अर्ध्या डीबीहून जास्त खाते.

वायरलेस सेट दुरुस्त करणाऱ्यांसाठी एक उपयोगी आकडा: ५० ओहमवर १ मायक्रोव्होल्ट म्हणजे उणे १०७ डीबीएम. रिसीव्हरची सेन्सिटिव्हिटी बघायला त्याच्या आसपासच काम करावं लागतं.

वॉकीटॉकी थेट जोडू का?

रिसीव्हर तपासायला जोडता, आणि बोलताबोलता पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबलं जातं. हातातला ५ वॅटचा सेट म्हणजे ३७ डीबीएम, तो उलटा जनरेटरच्या आउटपुटमध्ये शिरतो आणि आतला अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) जळतो. मध्ये किमान ३० डीबीचा, ५ वॅटपेक्षा जास्त पेलणारा अटेन्युएटर लावा. मग उलटे फक्त ५ मिलिवॅट येतात. जनरेटरवरची पातळी ३० डीबीने वाढवून घ्या, हिशेब तोच राहतो. ज्या सर्किटच्या इनपुटवर डीसी असेल तिथे डीसी ब्लॉकही (डीसी अडवून आरएफ जाऊ देणारा) हवा. हे दोन छोटे तुकडे जनरेटरबरोबरच विकत घ्यावेत, नंतर घेऊ म्हणू नये.

वॉर्मअप किती?

साधारण ३० मिनिटं. नंतर सेल्फ कॅलिब्रेशन चालवा. तोवर पातळी आणि फ्रीक्वेन्सी दोन्ही हळूहळू सरकतात. १ गिगाहर्ट्झवर एक पीपीएम (दहा लाखांत एक भाग) म्हणजे १ किलोहर्ट्झ, हे ध्यानात ठेवा.

१० मेगाहर्ट्झची रेफरन्स केबल कशासाठी?

जनरेटर आणि अ‍ॅनलायझर एकाच क्लॉकवर यावेत म्हणून. एकाचं ‘रेफ आउट’ दुसऱ्याच्या ‘रेफ इन’ला जोडा आणि सॉफ्टवेअरमध्ये एक्स्टर्नल रेफरन्स निवडा. नुसती केबल लावून काही होत नाही. एकाच चॅसीत दोन्ही मॉड्यूल असतील तर चॅसीचं स्वतःचं १० मेगाहर्ट्झ क्लॉक वापरता येतं.

आउटपुटला अँटेना लावून बघू का? एफएम रेडिओवर ऐकू येईल.

नको. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या लगेच वर विमानांचे पट्टे सुरू होतात: १०८ पासून नेव्हिगेशन, ११८ पासून १३७ पर्यंत वैमानिक आणि कंट्रोल यांचं बोलणं. होटगी रोडचा विमानतळ शहराला लागूनच आहे. जनरेटरवर एक आकडा चुकीचा टाइप झाला की तुम्ही थेट त्यांच्या पट्ट्यात असता. परवान्याशिवाय प्रक्षेपण हा गुन्हा आहे. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ किंवा २.४ गिगाहर्ट्झसारखे परवानामुक्त पट्टे आहेत, पण तिथेही पॉवरची मर्यादा आणि उपकरणाची मान्यता लागते. विद्यार्थ्यांना अँटेना शिकवायची असेल तर शील्ड केलेल्या पेटीत करा, किंवा केबल आणि अटेन्युएटरने दोन टोकं जोडा. शिकण्यात काहीही कमी पडत नाही.

चालू असताना लाइट गेली तर?

यूपीएस असेल तर त्याच वेळात आरएफ बंद करा आणि सगळं क्रमाने बंद करा. यूपीएस नसेल तर भिंतीवरचा खटका लगेच बंद करा. लाइट परत येताना व्होल्टेज उसळतं, दोन-तीनदा येते-जाते. स्थिर झाल्यावर पाचेक मिनिटांनी चालू करा. वॉर्मअप पुन्हा पहिल्यापासून मोजा.

बंद करताना?

आधी सॉफ्टवेअरमधून आरएफ आउटपुट बंद, मग कॉम्प्युटर शटडाउन, मग चॅसी, शेवटी भिंतीचा खटका. म्हणजे चालू करण्याच्या बरोबर उलट. कॉम्प्युटर चालू असताना चॅसी बंद केली तर कॉम्प्युटर अडकतो, कधी निळा पडदा येतो. केबल काढल्या असतील तर एसएमएवर टोप्या परत लावा. शेवटचं सेल्फ कॅलिब्रेशन आणि जाळी धुतल्याची तारीख चॅसीवर चिकटवलेल्या कागदावर लिहा, म्हणजे पुढच्या बॅचला विचारत बसावं लागत नाही.